पंखा बंद ठेवायचा

"हळू, तुटंल," असं ती म्हणायची. शेवटच्या संध्याकाळीही म्हणाली. लासुर्ण्यात आमच्या उंबऱ्यावर ती पाठमोरी बसली होती आणि मी तिच्या केसांत अडकलेले पांढरे धागे काढत होतो. रोजचंच काम.

"अगं, केस तुझे, धागा मालकाचा. तुटला तर तुटला."

"आवो, मी केलाय त्यो."

बायको माझी. बारामतीजवळच्या एका शेडात कामाला होती, मी त्याच शेडाच्या दारावर वॉचमन. प्लास्टिकचे दाणे उग्र वासाच्या केमिकलमध्ये विरघळवून पाक करायचा, तो बारीक भोकांच्या भांड्यात ओतायचा. भांडं गरगरा फिरलं की जत्रेतल्या बुढ्ढी के बालासारखे धागे उडायचे आणि भोवतीच्या सळ्यांवर बसायचे. त्यांची चादर, मास्कात घालायची, ती बोटांच्या टोकांनी उचलायची. कांद्याचा पापुद्रा जाड वाटावा अशी. तुम्ही बघितलं असतं तर श्वास धरून उभे राहिला असता.

पण वारा लागला की चादर एका अंगाला जाड व्हायची. म्हणून शेठनं वाफ ओढणारा भिंतीतला पंखा बंद केला, दारही लावून घ्यायला सांगितलं. तिचं डोकं गरगरायचं, मग ती गुपचूप पंखा लावायची. शेठनं वायरच काढून नेली.

मी म्हणालो, "शेठ, आत वास लई हाय."

"तात्या, मावशींना सवय झालीय."

त्या शेवटच्या संध्याकाळी धागे काढता काढता तिला म्हणालो, सोड हे काम. हसली. "माज्याबिगर कुणाला जमतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी ती भांड्यापाशीच पडली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाफेनं गेली. संध्याकाळी सरण पेटलं तेव्हा शेठ हात जोडून म्हणाला, "वय झालं होतं मावशींचं." माझे डोळे कोरडे होते, ते बरं झालं. तो मला नीट दिसला.

सुतकात कुणाच्या दारात जात नाहीत. मी सकाळीच शेडावर गेलो. माल द्यायचा राहिला होता आणि दुसऱ्या कुणाचा हात बसलेला नव्हता, म्हणून शेठ स्वतःच भांडं फिरवत होता. दार सताड उघडं ठेवून.

मी दार ओढलं, बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसलो. आधी त्यानं हाका मारल्या. मग दार बडवलं. मग नुसता खोकायला लागला. तेव्हा कडी काढली. तो गुडघ्यांवर रांगत बाहेर आला.

"मेलो असतो, तात्या."

"व्हय," मी म्हणालो.