पाणी मोजणारी बाई

लातूर उस्मानाबादपासून वेगळा होऊन नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळात मी विद्यापीठात शिकत होते. विषयाचं नाव लांबलचक होतं, नैसर्गिक साधनसंपत्तीचं संवर्धन. नांदेडला वडिलांच्या ऑफिसातले लोक त्यांना विचारायचे, "पोरगी नेमकं काय शिकायली?" वडील सांगायचे, "माती आन् पाणी." त्यावर कुणी पुढं बोलायचं नाही. एवढ्यासाठी विद्यापीठ कशाला लागतं, हे विचारायला त्यांना संकोच वाटत असावा.

आमचं घर गोदावरीच्या काठच्या शहरातलं. नळ आटला तरी नदी होती. पाणी संपतं हे मी पुस्तकात वाचलेलं, बघितलेलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी लातूरजवळचं एक गाव मिळालं. तिथल्या विहिरींतली पाण्याची पातळी मोजत राहायचं, एवढंच माझं काम. वर्गातली एक मैत्रीण लातूरचीच होती, शिक्षकांच्या घरातली. तिला त्याच गावच्या मातीचा अभ्यास होता, म्हणून आम्ही जोडीनं जायचो आणि मुक्काम तिच्या घरी करायचो.

शहरात तेव्हा सगळीकडं ओल्या रंगाचा वास यायचा. भाड्याच्या घरांवर सरकारी कचेऱ्यांच्या पाट्या लागत होत्या. गावाबाहेर शेतं मोडून प्लॉट पाडलेले, आणि भिंत उभी राहायच्या आधी तिथं बोरचं मशीन उभं राहायचं. दिवसभर घरघर चालायची, राखाडी धूळ उडायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. मैत्रिणीचे वडील जेवताना म्हणायचे, "जिल्हा झाला, आता लातूर मागं वळून बघत न्हाई." असं म्हणून ते आमच्या पेल्यात अर्धा-अर्धा पेला पाणी ओतायचे, आणि तांब्या आपल्याकडं ओढून ठेवायचे.

मोजायची रीत सोपी होती. टेपच्या टोकाला शिशाचं वजन, वर थोडा खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायचा. पाण्याला लागल्यावर खडू जिथवर भिजला तिथवर वाचायचं. माझ्या आजीला तिच्या गावात विहिरीची पायरी चढू देत नसत. मी कठड्यावर ओणवी होऊन विहिरीमागून विहिरी मोजत होते. पहिल्या खेपेला हा विचार मनात आला आणि मला जरा ऐटच वाटली.

गावाच्या शेवटाला एका नवरा-बायकोची विहीर होती. तिच्यावर त्यांची मोसंबीची थोडी झाडं जगत होती. बाईंना मी मावशी म्हणायची, त्यांच्या नवऱ्याला मामा. मावशी भाकरीवर कारळाची चटणी ठेवून द्यायच्या आणि म्हणायच्या, "खा गं, मापं काय पळून जातेत का?"

प्रत्येक खेपेला टेप जास्त सोडावा लागे. पारावर बसलेले एक म्हातारबाबा एकदा म्हणाले, "ही बाई आली की पाणी खाली जातंय बगा." सगळे हसले. मीही हसले. पुढच्या खेपेला ते तेच म्हणाले, पण या वेळी कुणी हसलं नाही. त्याच्या पुढच्या खेपेला एका विहिरीवर बाभळीची काटेरी शिरं टाकलेली दिसली. मालक लांब बांधावर उभा होता. मी हाक मारली तर त्यानं पाठ फिरवली.

मैत्रीण त्याच रानात खड्डे खणून माती पिशव्यांत भरत होती. तिला कुणी अडवलं नाही. ती मातीची आणि मी पाण्याची, एवढंच कारण होतं का, हे आम्ही एकमेकींना कधी विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली.

मी प्रबंधाच्या सरांना सांगितलं. सर म्हणाले, "शहराच्या बाजूनं बोर वाढताहेत, पातळी त्यामुळं उतरतेय. तेच तर दाखवायचंय आपल्याला. आकडे थांबवू नका." बरोबरच होतं ते. पण सरांना त्या पारासमोरून जायचं नव्हतं. तिथून जाताना बायका पोरांना पदराआड ओढून घ्यायला लागल्या होत्या.

उन्हाळा वर आला. पाणी इतकं खोल गेलं की काठावरच्या इंजिनाला ते खेचता येईना. मामांनी विहिरीच्या आतच खडकात टप्पा कोरला आणि तेलाचं इंजिन त्यावर उतरवलं. त्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा इंजिन नुकतंच बंद पडलं होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. मी टेप सोडायला वाकले तर डोळे झोंबले. निळसर धूर वर न येता आत तसाच बसून होता.

मामा इंजिन परत चालू करायला खाली निघाले होते. मी म्हणाले, "मामा, उतरू नका. धूर खाली साचलाय. आत माणूस बेशुद्ध पडतो."

ते थांबले, मावशींकडं बघितलं. मावशी त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "जावा तुम्ही. ऊन चढायलंय. झाडं वाळून चाललीत."

मामा उतरले. खालून हँडल फिरवल्याचा आवाज आला. पुन्हा एकदा आला. मग काहीच नाही.

"अवो!" मावशींनी हाक मारली.

मामा टप्प्यावर भिंतीला टेकून, पाय पसरून बसले होते. दमून बसावं तसे. मान मात्र छातीवर पडलेली.

शेजारच्या रानातला एक गडी पळत आला आणि थेट पायऱ्यांकडं निघाला. मी त्याचा दंड धरला. "तसंच उतरलात तर तुम्ही पण पडाल!" त्यानं मला झिडकारलं. मैत्रिणीनं त्याचा दुसरा हात धरला आणि ओरडली, "ऐका तिचं! ऐका!" वर्गात हे आम्हाला एकदा शिकवलं होतं, फळ्यावर विहीर काढून. लिंबाचे डहाळे तोडले, त्यांची जुडी बांधून दोराला लावली आणि विहिरीत वरखाली, वरखाली करत राहिलो, आतली हवा ढवळून निघावी म्हणून. मावशी कठड्यावर कपाळ आपटत ओरडत होत्या, "ही म्हणली हुती, पडंल म्हणून!" तेवढा लांब वेळ मला आयुष्यात परत कधी वाटला नाही. मग त्या गड्याच्या कमरेला दोर बांधला. तो श्वास कोंडून उतरला, मामांना दोर बांधून लगेच वर आला. तोवर आणखी माणसं धावत आली होती, आम्ही सगळ्यांनी ओढलं.

मामांचा श्वास चालू होता. ट्रॅक्टरवर घालून त्यांना लातूरला नेलं.

गर्दी जमली होती. ट्रॅक्टर गेला तरी लोक हलेनात. पारावरचे म्हातारबाबा हळू आवाजात म्हणाले, "हिनं आधीच म्हणलं हुतं."

"काय?" कुणीतरी विचारलं.

"उतरला की पडंल म्हणून."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उचलला नाही. फक्त वाट मोकळी केली, दोन्ही बाजूंनी, अंग चोरून. त्या वाटेनं आम्ही दोघी सडकेपर्यंत चालत गेलो. बस येईस्तोवर मैत्रिणीनं माझा हात सोडला नाही. त्या गावात मग मी मापं घ्यायला गेले नाही.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "पुढचे आकडे का नाहीत?" मी सांगितलं, "गावानं येऊ दिलं नाही." त्यांनी मान हलवली आणि दुसरा प्रश्न विचारला. मी पास झाले.

नोकरी लागायच्या आधी एकदा मैत्रीण म्हणाली, "मामांना बघून येऊ." मला भीती वाटत होती, तरी गेले. मामा ओट्यावर बसले होते. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही. मोसंबीच्या जागी नुसती खुंटं उभी होती.

मावशींनी चहा आणून दिला. मग मामांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "तू नको म्हणली हुतीस. जावा म्हणून मी म्हणले. लोक तुझं नाव घेतेत, अन् मी गप बसते."

"मावशी, असू द्या."

"कसं असू द्यावं?" त्या म्हणाल्या.

मामा आमच्याकडं बघून कुणीतरी पाहुणे आलेत असं हसत होते. त्यांचा चहा कपात निवत चालला होता. मावशींनी कप उचलून त्यांच्या ओठाला लावला, हनुवटी पदरानं पुसली आणि परत लावला.