नाव न घातलेली दोन पाने

वडील रविवारी चर्चमध्ये वचन वाचत. लहानपणी त्यांनीच मला सांगितले होते की चारही शुभवर्तमानांच्या मजकुरात लिहिणाऱ्याने आपले नाव कुठे दिलेले नाही. मत्तय, मार्क, लूक, योहान ही नावे मंडळीच्या परंपरेने चालत आली. परंपरेनुसार मार्क स्वतः प्रभूच्या मागे फिरलेला नव्हता; पेत्र या शिष्याने सांगितले ते त्याने लिहून घेतले. "बघणारा पेत्र, नाव मात्र मार्काचं," असे म्हणून वडील हसत. मला तेव्हापासून मार्क आवडे.

वडील गेले तेव्हा मी नंदुरबारला शिकवत होते. त्यांचे सगळे आजारपण विसरवाडीच्या घरी धाकट्या बहिणीने काढले. स्मरणप्रार्थनेत वाचायची दोन पाने लिहायचे काम मात्र माझ्याकडे आले, कारण शिकलेली मी.

ओट्यावर शेंगा फोडत ती सांगत गेली. खाटेवर पडल्या पडल्या वडील हायवेवरचे ट्रक आवाजावरून ओळखत. "हा भरलेला. सुरतेला चालला." चुकले की तिलाच दटावत, "तू बोलून माझं लक्ष घालवलंस."

"माझी आठवण काढत?" मी विचारले.

"काढत की. ताई कधी येणार म्हणत."

ती हे सहज म्हणाली. मला मात्र ते जिव्हारी लागले. माझ्याच बापाने काढलेली माझी आठवण मला तिच्या हातून घ्यावी लागत होती.

मी लिहिले. शेवटी तिचे नाव घालावे असे मनात आले, पण हात होईना. मग माझेही घातले नाही. भाषेवरून लोक ओळखतीलच, अशी खात्री होती.

चर्चच्या पाळकांनी पाने वाचली. प्रार्थना संपल्यावर शेजारच्या म्हातारीने बहिणीला मिठी मारली. "पोरी, तू लिखं ना हाई? तुन्हा बाप मन्हा डोयासमोर उभा ऱ्हायना."

"नाही आजी, ताईनं लिहिलंय."

म्हातारीने माझ्याकडे वळून पाहिले. "ताई तठे कव्हय व्हती?"

मी तिथे कधी होते, या प्रश्नाने बहीण गोरीमोरी झाली. मी चपला शोधू लागले.

आता त्या पानांच्या झेरॉक्स मंडळीत फिरतात. परवा बसमध्ये ओळखीच्या एका बाईंनी पर्समधून एक काढून माझ्या हातात ठेवली. "तुमच्या धाकटीनं फार छान लिहिलंय. वाचा."

"वाचलंय," मी म्हटले, आणि प्रत परत दिली नाही.