प्रमोददादाचं लॉगिन

प्रमोददादाला घरून न्यायच्या आधीच ऑफिसने त्याचं लॉगिन बंद केलं.

सकाळी आठला मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं, दादा गेला. हार्ट अटॅक.

साहेबांनी हात जोडलेले दोन इमोजी टाकले. एचआरने सव्वाआठला अकाउंट बंद केलं. पॉलिसी आहे म्हणे!

याच माणसाला दोन दिवसांची सुट्टी पाहिजे असली की तीन सह्या लागायच्या.

धंतोलीतल्या आमच्या लॅबचा सर्व्हर बारा वर्षं दादाने सांभाळला. पेशंटचे सगळे रिपोर्ट त्याच्याच लॉगिनवर चालायचे.

"हे बरोबर नाही साहेब, सर्व्हरले वेगळं अकाउंट द्या," असं तो सांगून सांगून थकला.

"चालू आहे ना? मग राहू द्या."

खोटं कशाला बोलू, एकदा मीही म्हटलं होतं, राहू द्या ना दादा.

व्हायचं तेच झालं. साडेआठपासून ज्याने रिपोर्ट उघडला त्याला एरर ४०३. परवानगी नाही.

मी कोराडीला, दादाच्या घराच्या अंगणात. त्याला आंघोळ घालत होते. साहेबांचा फोन आला.

"मॅडम, वहिनींना विचारता का, पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय का?"

बंद केलेल्या अकाउंटचा पासवर्ड. तोही त्या बाईला विचारायचा, त्या वेळी!

"लाज वाटू द्या साहेब," म्हटलं आणि फोन कापला.

पण ऑपरेशनसाठी उपाशीपोटी बसलेली माणसं रिपोर्टची वाट बघत होती. त्यांचा काय दोष?

लोक दादाला घेऊन घाटाकडे निघाले आणि मी बसने धंतोलीला. त्याला शेवटपर्यंत पोचवू दिलं नाही मला. हे मी विसरणार नाही.

दादाच्या हाताखाली नोकरीला लागले तेव्हा असाच एरर आला होता. मी घाबरून थेट सर्व्हर रिस्टार्ट केला.

"काहून वं, आधी लॉग वाचला काय? नाही? मंग जुन्या टीव्हीले थापडा मारल्यासारखं काय करून राहिली?"

आज आधी लॉग उघडला, सर्व्हरची नोंदवही.

दर मिनिटाला त्याचंच नाव. आणि नावापुढे, परवानगी नाकारली. खालपर्यंत तेच.

मी खुर्चीत बसून रडले. मग सर्व्हरसाठी वेगळं अकाउंट काढलं, रिपोर्टचे हक्क त्याला दिले.

वीस मिनिटं लागली. बारा वर्षं कोणाला वेळ नव्हता ते काम वीस मिनिटांचं होतं!

साहेब मागे उभे होते. म्हणाले, "ते एररचं पानही काढून टाका. गेलेल्या माणसाचं नाव आहे, बरं दिसत नाही."

एरर आला की पेशंटला दिसतं ते पान दादाने लिहिलं होतं. आर्वीच्या एक बाई इंग्रजी एरर बघून रडायला लागल्या होत्या, "भाऊ, बाबाले काही जास्त झालं काय?" त्याच दिवशी त्याने मराठीत लिहून टाकलं, खाली स्वतःचा नंबर:

"घाबरू नका. तुमचं काही चुकलं नाही. चूक आमच्या मशीनची आहे. मला फोन करा. प्रमोद."

नाही काढलं. फक्त खालचं नाव आणि नंबर बदलला. आता तिथे माझं आहे.

जा दादा, निवांत जा. फोन आला तर मी उचलीन.