लुमिंगची समजूत

लुमिंग रुसायची ती रीतसर. आवाज चढवायचा नाही, भांडी आपटायची नाहीत. चटईवर भिंतीकडे तोंड करून पडायचं आणि जेवायला बोलावलं की "भूक नाही" म्हणायचं. फिलिपिन्समधल्या बातांगासच्या त्या कोळीवस्तीत याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळे: मन दुखलंय, या आणि समजूत काढा. तिचा नवरा गोन्यो त्यात पटाईत. समुद्रावरून कितीही थकून आला तरी तिच्या उशाशी बसून तिच्याच भावांच्या नकला करायचा, ती हसेपर्यंत हलायचा नाही. तो गेला आणि लुमिंगचं रुसणंही संपलं. मनवणारंच कुणी नसेल तर रुसायचं कुणाच्या जिवावर? ती नुसती दमत गेली.

सत्तराव्या वाढदिवसाला लेक आली. मारिविक नॉर्वेच्या इस्पितळात नर्स. कितीतरी वर्षांनी घरी, तेही चार दिवसांपुरती. "नानाय, तू कशाला हात लावू नकोस," म्हणत तिने सगळं जेवण बाहेरून मागवलं. लुमिंगने आदल्या दिवशी खपून केळीच्या पानांत चिकट भाताचं सुमान उकडून ठेवलं होतं. ते टेबलावर आलंच नाही. पाहुणे हात धुऊन गेले आणि लुमिंग चटईवर आडवी झाली.

संध्याकाळी मारिविक दारात आली. "नानाय, जेवतेस ना? काही झालंय का?"

"काही नाही. भूक नाही."

"बरं. एकटं राहायचं असेल तर मी त्रास देत नाही. बोलावंसं वाटलं की हाक मार." आणि तिने दार अलगद ओढून घेतलं.

तो अलगदपणाच लुमिंगला जास्त लागला. दार आपटलं असतं तरी चाललं असतं. उद्या सकाळी पोरगी विमानात बसणार. आपण उठावं तर रुसवा फुकट, न उठावं तर लेक अशीच निघून जायची. पण उठायचं त्राणही तिच्यात नव्हतं.

बाहेर शेजारच्या इसिंगचा आवाज आला. "आई रुसलीय तुझी, दिसत नाही?"

"विचारलं मी, मावशी. नाही म्हणाली."

"नाही म्हणणारच. हो म्हणायला ती काय हॉटेलात बसलीय? पुन्हा विचार, गळ्यात पड. गोन्योची लेक ना तू?"

थोड्या वेळाने दार उघडलं. मारिविक चटईच्या कडेला टेकली.

"तिकडे नाही म्हटलं की नाहीच समजतात, नानाय. सुरुवातीला मी रुसायचे. कुणाच्या गावीही नसायचं. मग सोडून दिलं. फोनवर तू विचारायचीस, बरी आहेस ना? मी बरी म्हणायचे. तूही कधी पुन्हा विचारलं नाहीस."

ती आईशेजारी आडवी झाली आणि तिने दुसऱ्या भिंतीकडे तोंड फिरवलं.

लुमिंग कशीबशी उठून बसली. गुडघे ठणकत होते. जन्मात तिने कुणाला मनवलं नव्हतं. ते काम कायम गोन्योचं. सुरुवात कुठून करतात हेही तिला सुचेना. तिने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

मारिविकने खांदा झटकला.

लुमिंगने हात पुन्हा ठेवला.