मामांचा दुधाचा कॅन

माझ्या बायकोच्या मामांइतका चौकस माणूस अख्ख्या कर्जत-खालापुरात दुसरा सापडायचा नाही, हे ठाऊक असूनही मी बायकोबरोबर कडावला त्यांच्या ओटीवर फोन कानाला लावूनच चढलो. "जावईबापू, कॅनात!" मामा कडाडले. मामींच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झाल्यापासून त्या घरात फोनला मज्जाव होता. दाराशी दुधाचा रिकामा कॅन असे. आल्यागेल्याचा फोन त्यात जाई आणि वर घट्ट झाकण बसे. सरपंचही सुटले नव्हते.

मामा हट्टी खरे, पण विचारल्याशिवाय काही करत नसत. फोनच्या लहरींनी गाठ वाढते का, म्हणून त्यांनी डॉक्टरांचं डोकं खाल्लं होतं. डॉक्टर म्हणाले, "एक्स-रे वेगळा. फोनच्या लहरींत पेशी मोडायची ताकद नसते."

"मोडत नाय, कबूल. पण चाळवतात का? फटाका अंगाला लागत नाय, तरी म्हस दावं तोडतीच ना?"

डॉक्टर हसले. "प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर प्रयोग चालू आहेत. कुठे थोड्या चाळवल्या, कुठे ढिम्म. फोनमुळे माणसाचा आजार वाढतो, असं काही दिसलेलं नाही. खुशाल बोला."

"मंजे अजून बघतायत!" एवढंच धरून मामा घरी आले आणि त्यांनी कॅन घासायला घेतला.

"पेशींचं ठावं नाय, माझं डोकं चाळवलंय ह्यांनी," मामी आतून म्हणाल्या.

गाठ पसरली की नाही, ते त्या दिवशी दवाखान्यातून फोनवर कळायचं होतं. दुपार टळली, फोन येईना. मामा अंगणात येरझाऱ्या घालत होते. शेवटी माझ्या जड डोक्यात उजेड पडला. "मामा, तुमचाही फोन कॅनातच ना? आत रेंज कशी येणार?"

झाकण काढलं, रेंज आली, तर दवाखान्याचे कॉल लागलेच नाहीत, असे मेसेज धडाधड आले. "मंजे कॅन चालतोय!" मामांचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच पडला. उलट फोन केला, तर तिथली मुलगी म्हणाली, डॉक्टर आले की लावते.

मग मामांनी फोन सदऱ्याच्या खिशात, स्वतःच्याच छातीशी ठेवला आणि गोठ्यापलीकडे उन्हात जाऊन बसले.

"अवो, आत या की!"

"ऱ्हाऊ दे गं. मी हितंच बरा हाय."

फोन वाजला. डॉक्टरांचं बोलणं ऐकून मामा सावकाश उठून आले, आधी फोन कॅनात टाकला, झाकण दाबलं, मगच मामींजवळ बसले. "पसरली नाय गं."

 परतताना नेरळ आलं तेव्हा बायको म्हणाली, "तुमचा फोन रोज माझ्या उशाशी चार्जिंगला असतो. लहरींचं जाऊ दे. तो जरा लांब ठेवावा, असं कधी मनात तरी आलं का हो?"