माझ्या घोरण्याची फिकट फाईल

मी घोरत नाही, असं मी चाळीस वर्षं सांगत आलो. आमची कारभारीण म्हणायची, घोरता. तिसरा साक्षीदार नव्हता, म्हणून माझंच खरं व्हायचं.

ती गेली त्याला आता वर्ष होईल. मधे एकदा लेक सांगलीहून फोनवर बोलता बोलता हसली. म्हणाली, "आबा, आईनं तुमचं घोरणं फोनात भरून ठेवलंय. दुपारचं झोपला हुता तवा. मला ऐकवलं हुतं. शेवटी तीबी बोललीय."

घोरण्याचं मला काही वाटलं नाही. तीबी बोललीय, एवढंच कानात राहिलं. घरात तिचे फोटो ढिगानं आहेत, आवाज एक नाही. कधी भरून ठेवायचं सुचलंच नाही. तिनं घराच्या पुढच्या सोप्यातून हाक मारली की गल्लीच्या टोकाला ऐकू यायची, मग भरून कशाला ठेवायची?

"कुठं हाय ते?"

"फोनातनं कॉम्प्युटरात घातलंय, फोटोंच्या फोल्डरमदी. पण हिडन केलंय. तुमच्या हाताला लागलं तर पुसून टाकशीला म्हणाली."

बरोबर ओळखलं होतं. टाकलंच असतं.

कॉम्प्युटर म्हणजे लेकीचा कॉलेजातला जुना डबा. लेक सासरी गेली, डबा राहिला. कारभारणीनं तालुक्याच्या गावी, विट्यात, क्लास लावून तो शिकून घेतला. मी चौथी शिकलेला. पण आमचा धंदा गलाईचा, सोनं आटवून शुद्ध करायचा. दूर दक्षिणेत दुकान होतं, तिथं व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून इंग्रजी अक्षरं ओळखीची झाली. अर्थ नाही कळत, पण अक्षर लागतं.

लेकीनं फोनवरून सांगितलं तसं करत गेलो. टूल्स, फोल्डर ऑप्शन्स, व्ह्यू. तिथं लपवलेल्या फायली दाखवा अशी खूण होती, ती केली. तिच्या खाली आणखी एक बरोबरची खूण दिसली, तीही लपवण्याचीच. काढायचंच तर सगळं काढू म्हणून तीही काढली. कॉम्प्युटरनं भलंमोठं इंग्रजी विचारलं. मी यस म्हणालो. कुठल्याही यंत्राला नो म्हटलं की ते आडून बसतं, असा माझा अनुभव.

लेक म्हणाली, "आता शोधा. मी भाजी घिऊन येते." फोन ठेवला.

फोटोंचं फोल्डर उघडलं. सगळे फोटो झक्क दिसत होते, पण मधे मधे तीन-चार फिकट फायली. धुऊन धुऊन विटलेल्या धोतरासारख्या. एकीचं नाव थम्स, एकीचं डेस्कटॉप, एकीला नावच नाही, नुसते आकडे. बाहेर येऊन सी ड्राइव्ह बघितला तर तिथं फिकटच फिकट.

माझी नजर गलाईवाल्याची. वितळलेल्या सोन्याची मूस भट्टीतनं काढली की झळकतं ते सोनं, वर फिकट तरंगतो तो मळ. मळ काढला की माल सापडतो. हा सगळा मळ आधी काढू, म्हणजे तिची फाईल आपोआप उघडी पडेल, असा हिशोब केला आणि एकेक फिकट फाईल धरून डिलीट करायला लागलो. कॉम्प्युटर दर वेळी विचारी, नक्की का? मी म्हणे, नक्की. काही फायली हटूनच बसल्या. त्यांना सोडलं. जातिवंत मळ असा चिकट असतोच.

लेकीचा फोन आला.

"घावली का, आबा?"

"कचरा काढतोय आदी. फिकट फिकट लय साठलाय."

ती म्हणाली, "आबा, लपवलेली फाईल फिकटच दिसती. आईचीबी फिकटच आसणार."

मला नुसत्या आकड्यांची ती फाईल आठवली. तीही मी काढून टाकली होती.

"आता कायबी करू नका. बंदबी करू नका."

तिचं बोलणं संपेतोवर मी ते केलं होतं. बिघडलेलं यंत्र बंद करून चालू करायचं, एवढं यंत्रशास्त्र मला येतं. चालू केल्यावर काळा पडदा आला, त्यावर पांढरी एक ओळ. तीही पुढं सरकेना.

दुसऱ्या दिवशी डबा गोधडीत बांधून सांगलीच्या एसटीत मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरनं विचारलं, "आबा, गोधडीत काय?"

"बायकू हाय."

त्यानं गाठोड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मग हाफ फाडू का फुल?"

"लगेज फाड," म्हटलं.

लेकीनं ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडं नेलं. चष्म्यातला शांत गडी.

"आबा, कुठल्या फायली काढल्या?"

"फिकट हुत्या त्या."

"सगळ्या?"

"निघाल्या तेवढ्या. अर्धवट काम मी करत न्हाई."

त्यानं चष्मा पुसला. "त्या कचरा म्हणून लपवलेल्या नसतात. मशीन त्यांच्यावरच चालतं. कुणाचा हात लागू नये म्हणून झाकून ठेवतात."

हे मला एकदम कळलं. चोख सोन्याची अंगठी केली तर बोटात वाकते. आत थोडं तांबं असतं, ते दिसत नाही, पण दागिना तेच धरून ठेवतं. जन्मभर मी तांबं काढून टाकायचं काम केलं. ते मुळात घातलं कशाला, हे बघायची पाळी आली नव्हती.

"रिसायकल बिन रिकामी केली का?" त्यानं विचारलं. लेकीनं डोळे मिटले.

"न्हाई. आमच्यात झाडलोट टाकत न्हाईत."

खरंच टाकत नाहीत. दुकानातला केर, पायपुसणं, हात धुतलेलं पाणीसुद्धा गलाईवाला साठवतो. वर्षानं जाळून धुतलं की त्यात सोनं निघतं. पडद्यावर कागदांनी भरलेली टोपली बघितली होती, पण ती ओतून द्यायचं मनातसुद्धा आलं नव्हतं.

दुरुस्तीवाला पहिल्यांदा हसला. "वाचला, आबा."

तासाभरानं डबा सुरू झाला. टोपलीतनं एकेक फाईल जागेवर गेली. आकड्यांची सापडली. त्यानं वाजवली, तर दुकान दणाणलं. प्रिंटर घेऊन आलेली एक बाई मागं वळून बघायला लागली.

"ट्रक चाललाय रस्त्यानं," मी म्हणालो.

"आबा, ट्रक मदी मदी श्वास घेत न्हाई," लेक म्हणाली.

आणि मग डब्यातनं ती बोलली. "ऐकलंसा? आता म्हणा, मी घोरत न्हाई. उठा, च्या टाकलाय."

मी उठलो. स्टुलावरनं उठून उभाच राहिलो. दुरुस्तीवाल्याला वाटलं, निघालो. त्यानं गोधडी पुढं केली. लेकीनं ती त्याच्या हातातनं घेतली आणि माझ्याकडं बघितलं नाही.

जाताना त्यानं विचारलं, "सिस्टीमच्या फायली परत झाकल्यात. आईंची उघडी करू?"

"तिनं ठेवली तशी ऱ्हाऊ दे. मला दिसली म्हंजे झालं."

म्हणून ती अजून फिकटच आहे. फोटोंच्या फोल्डरात, शेवटाला. रोज दुपारी झोपून उठलो की लावतो. पुढं ढकलायची सोय आहे, लेकीनं दाखवलीय. मी ढकलत नाही. दोन मिनिटं माझं घोरणं ऐकून घेतो, मग ती म्हणते उठा. उठतो, आणि चहा टाकतो.