फेब्रुवारीचा कर

नगरपालिकेच्या करखिडकीवरील संगणकाच्या पडद्यावर माझ्या दिवंगत पत्नीचे नाव लाल अक्षरांत होते आणि त्यापुढे शब्द होता : थकबाकीदार. जाण्याच्या काही दिवस आधी, फेब्रुवारीत, तिने स्वतः या रांगेत उभे राहून कर भरला होता. पावती माझ्या हातात होती.

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काका, पैसे जमा आहेत. पण संगणक तारखेतलं नुसतं साल बघतो. म्हणून जानेवारी ते मार्चचा भरणा पुढच्या वर्षात गेलाय."

"आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, हे त्याला कोणी सांगितले नाही?"

"राहिलं असेल. तुमचं एकट्याचं नाही, सगळ्या गावाचं झालंय."

हा दिलासा ऐकून मी अधिकच हादरलो. मुदतीत पार पाडलेले कर्तव्य एका विसरलेल्या नियमामुळे न केलेले ठरते. जिवंत माणूस निदान भांडू तरी शकतो. मृत व्यक्तीने खुलासा कुठे सादर करावा?

"पुढच्या महिन्यात आपोआप दुरुस्त होईल," बाई म्हणाल्या.

"तोपर्यंत ती थकबाकीदार राहणार नाही," मी म्हणालो आणि तिथेच उभ्याने अर्ज लिहायला घेतला.

पुरावा म्हणून पावती उलटली, तर मागे तिच्या वळणदार अक्षरात लिहिलेले होते : 'चालू वर्षाचा कर, मार्चच्या आत.' अर्जाला मी पावतीच्या दोन्ही बाजूंच्या प्रती जोडल्या.